मावशींची बरणी

शिंपीणमावशींच्या मशीनशेजारी काचेची एक बरणी असते. गिऱ्हाइकांच्या खिशात राहिलेली बटणं, किल्ल्या, कुणाचा एकुलता एक डूल, सगळं त्यात. न्यायला गेलात की आधी बोलणी खायची, मग वस्तू मिळते. "डोकं तरी आणलंयस ना घरून?" दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणं मावशींच्या रक्तातच नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला.

परगावी गेलेल्या गिऱ्हाइकांची मापं मावशी फोनमधल्या एका ॲपवर व्हिडिओ कॉल करून घेतात. एका दुपारी त्याच ॲपवर एका जुन्या गिऱ्हाईकबाईंचा निरोप आला : 'माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या फोनवर गेलाय, पाठवता का?' कोड खरंच आला होता. मावशींनी तो लगेच परत केला, वर "जरा लक्ष ठेवत जा" असा दमही भरला. बाईंचं ॲपवरचं खातं चोराने आधीच लाटलं होतं आणि कोड होता मावशींच्या स्वतःच्या खात्याचा. झालं! मावशी बाहेर, चोर आत.

थोड्याच वेळात मावशींच्या एक गिऱ्हाईक, बँकेत काम करणाऱ्या ताई, धापा टाकत दुकानात आल्या.

"मावशी, बरं नाही का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग हे काय?" ताईंनी मावशींच्या नावाने आलेला निरोप वाचून दाखवला. "'प्रिय ताई, आपल्याकडे आलेला कोड पाठवण्याची कृपा करावी. तसदीबद्दल क्षमस्व.'"

"मी? क्षमस्व?" मावशी उसळल्या आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. "अगं, माझ्या नावावर विसंबून कुणी पाठवला असला तर? लोक डोळे मिटून माझ्या कात्रीखाली कापड टाकतात गं!"

नंबर मावशींचाच असल्यामुळे ताईंनी नवा कोड मागवून खातं परत मिळवलं, वर मावशींकडून फक्त त्यांनाच ठाऊक असेल असा पिन टाकून घेतला. मावशी तोवर दुकानाच्या साध्या फोनवरून एकेका गिऱ्हाइकाला गाठत होत्या. पलीकडून नुसतं हसू.

"तुम्ही आणि 'कृपा करावी'? मावशी, मी तेव्हाच ओळखलं, हा कुणीतरी सभ्य माणूस आहे!"

एकही गिऱ्हाईक फसलं नव्हतं. "मेल्यांनो!" म्हणत मावशींनी अस्तराच्या तुकड्याने डोळे टिपले.

परवा पुन्हा तसाच निरोप आला. मावशींनी उत्तर धाडलं : 'बरणीत ठेवलाय. दुकानात ये, तोंड दाखव, बोलणी खा आणि घेऊन जा.'

अजून कुणी फिरकलेलं नाही.