हिरवा नको

ओल्या चुन्याचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती, मी तेव्हा लहान होते. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या जुन्या विटांच्या घराला दिवाळीआधी बाहेरून रंग द्यायचा होता. अंगणात पिंपात चुना भिजत घातला होता आणि आईनं कडुलिंबाच्या पाल्यासारखा हिरवा रंग निवडला होता. उन्हात त्या विटा लई तापायच्या, डोळ्यांना तेवढाच गारवा. तेवढ्यात काका आले, रंगाची पुडी बघून वडिलांवर ओरडले, "हिरवा? निजाम गेला की आता! लोक ह्याला मुसलमानाचं घर म्हणतील." वडील खाली मान घालून पुटपुटले, "बरं, पिवळा देऊ." आई तरातरा बाहेर आली आणि हिरव्या बांगड्यांचे दोन्ही हात तिनं काकांपुढं धरले. "मग ह्या बी उतरवून ठेवू का, भावजी?" काका चपापले, "वहिनी, नवऱ्यादेखत काय अभद्र बोलता!" घर हिरवंच झालं. काल माझ्या सुनेनं आमच्या घराला द्यायच्या रंगांचं कार्ड पुढं केलं. "कोणताही चालेल आई, फक्त हिरवा नको. लोकांना उगाच वेगळं वाटतं." तिच्या हातात परवाच्या डोहाळजेवणाच्या हिरव्यागार बांगड्या किणकिणत होत्या.