उपकार फेडण्याची आते नेनांची रीत

आते नेना रोज सकाळी मिस्टर हॉलंडना स्वतःची नव्याने ओळख करून द्यायच्या. "गुड मॉर्निंग. मी नेना, तुमची नर्स. तुम्हाला उजव्या कुशीवर वळवू का?" स्मृती गेलेले ते म्हातारे गृहस्थ कधी मान हलवायचे, कधी "नो!" म्हणून पांघरूण ओढून घ्यायचे. मग आते खरोखरच खोलीबाहेर जायच्या आणि दहा मिनिटांनी परत दारावर टकटक करायच्या.

"वळवायचं तर आहेच, मग विचारायचं कशाला?" मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं.

"सुनीता, त्यांचं घर गेलं, बायको गेली, मुलीचं नावसुद्धा गेलं. 'नाही' तेवढं उरलंय. तेही आपण काढून घ्यायचं?"

"आणि नाहीच म्हणत राहिले तर?"

"तर डोकं चालवायचं. चहा द्यायचा, क्रिकेटचं बोलायचं, पुन्हा विचारायचं. देवाने डोकं काय फक्त टोपीसाठी दिलंय?"

दोन हजार सालानंतरची पहिली वर्षं ती. इंग्लंडला नर्स हव्या होत्या. मी बार्शीहून आले होते. वडील अडत दुकानात हमाल, आई शिवणकाम करायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. नर्सिंगच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स कायम पर्समध्ये असायची, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. पण इथे ती पदवी पुरेशी नव्हती. स्लाऊच्या एका नर्सिंग होममध्ये काही महिने देखरेखीखाली काम करायचं, मार्गदर्शक नर्सने सही करायची, मगच रजिस्ट्रेशन. माझ्या फॉर्मवर सही करणार होत्या आते नेना. फिलिपिन्सच्या. त्यांच्याकडे आते म्हणजे थोरली बहीण; आम्ही सगळ्याच त्यांना तसं म्हणायचो.

त्यांच्या बोलण्यात एक शब्द फार यायचा, 'उतांग ना लोओब'. कुणी अडीअडचणीला हात दिला की जे ऋण मनाच्या आत बसतं, ते. आते नेनांवर ते ऋण होतं मॉरीनचं. मॉरीन आमची मॅनेजर, साठीला आलेली. तिनेच आतेंना या देशात आणलं, पुढे नवऱ्याचे आणि मुलांचे कागद करून दिले, पहिल्या थंडीत स्वतःचा कोट दिला. तिच्या वाढदिवसाला आते घरून नूडल्सचं मोठं पातेलं आणायच्या. "ज्याला उपकाराची आठवण नाही, त्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत," असं म्हणायच्या.

एका रविवारी दोन जणी कामावर आल्या नाहीत. आतेंची सुट्टी होती. मी दुपारभर खाली जेवणघरात अडकले. मिस्टर हॉलंडना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं. दहापासून चारपर्यंत कुणीच वळवलं नाही. सोमवारी पाठीच्या खाली कातडी फाटलेली दिसली. त्यांच्या मुलीला कळलं, मंगळवारी तीन वाजता ती भेटायला येणार होती.

सोमवारी संध्याकाळी मॉरीनने मला मिस्टर हॉलंडना वळवल्याच्या नोंदींचा चार्ट दिला. "बारा आणि दोनचे रकाने रिकामे राहिलेत बघ, लव्ह. सही टाक. नुसता कागद तर आहे." वयाने मोठी बाई, वरून मॅनेजर. मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे अंगात मुरलेलं. मी सही टाकली.

मंगळवारी सकाळी आतेंनी चार्ट बघितला. "तू तर जेवणघरात होतीस."

मी चार्टवरच्या माझ्या सह्यांकडे बघितलं.

"कुणी हात धरून लिहवून घेतलं?"

"नाही, पण मॉरीन म्हणाल्या..."

"म्हणजे हात तुझाच होता."

ब्रेकमध्ये त्यांच्याच गावची नर्स जोसी त्यांना म्हणाली, "आते, गप्प राहा. मॉरीन नसती तर तुझी पोरं अजून आजीकडे असती. इतकी कृतघ्न झालीस?" त्यांच्यात याहून मोठी शिवी नाही. आतेंचा चेहरा उतरला. त्यांनी डबा बंद केला आणि मला म्हणाल्या, "चल."

मॉरीनच्या खोलीत गेल्यावर त्यांनी आधी दार लावून घेतलं. "चारचौघांत तुमची मान खाली जावी असं मला नको, म्हणून आधी तुमच्याकडे आले. तीन वाजता मी खरं सांगणार आहे. तुम्ही आधी सांगितलंत तर मी फक्त हो म्हणेन."

"तुझी मुलं इथे कुणामुळे आली, नेना?"

"तुमच्यामुळे. मरेपर्यंत विसरणार नाही."

"मग?"

"ऋण माझं आहे. तुम्ही आजारी पडलात तर मी तुमची सेवा करीन, रात्रंदिवस करीन. पण ते मिस्टर हॉलंडच्या पाठीवर फेडणार नाही. ती पाठ माझी नाही."

"तुझं इथलं कामाचं परमिट माझ्या हातात आहे हे माहीत आहे ना?"

"परमिट आहे," आते म्हणाल्या. "जीभ नाही."

तीन वाजता मॉरीन काही बोलली नाही. आते बोलल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं: त्या दोन सह्या माझ्या आहेत आणि त्या खोट्या आहेत. मुलगी ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "बाबांनी हाक मारली होती का?" आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ते उत्तर देणं सगळ्यात अवघड गेलं.

नर्सिंग होमने आतेंचं परमिट पुढे वाढवलं नाही. त्यांनी ग्लासगोच्या हॉस्पिटलात नोकरी शोधली. मला काढलं नाही, पण आतेंनी माझा फॉर्म अडवला. "अजून सहा आठवडे माझ्या हाताखाली." मी चिडले, रडले, दिवाळीपर्यंत रजिस्ट्रेशन होईल असं वडिलांना कळवून बसले होते. त्या हलल्या नाहीत.

त्यांच्या शेवटच्या शुक्रवारी त्यांनी फॉर्म पुढ्यात घेतला, सही केली. मी म्हटलं, "आते, हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

"नको विसरूस. पण मी चुकले तर माझ्या तोंडावर सांगायचं. तेवढी मोकळी राहा."

मी फॉर्म हातात घेतला. सहा आठवड्यांत त्यांनी तो आठवडाही धरला होता, ज्यात मी तापाने घरी पडून होते. वाचून पर्समध्ये टाकला असता तर कुणाला कळलं नसतं.

"आते, हा आठवडा चुकलाय. तेव्हा मी आजारी होते. पाचच झालेत."

त्यांनी कागद घेतला, पाहिला. कानापर्यंत लाल झाल्या. मग स्वतःच्या सहीवर सरळ रेघ मारली, रिसेप्शनवर जाऊन ग्लासगोला फोन लावला आणि आपण एक आठवडा उशिरा रुजू होऊ, असं सांगितलं.

परत येऊन म्हणाल्या, "सोमवारी सात वाजता. उशीर नको."

मी पावणेसातला हजर होते.