टाकेमावशींनी शिवलेला गुडघा

टाकेमावशींना खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या दुकानात त्या तीस वर्षं मशीन चालवत आल्या आहेत. नवं गिऱ्हाईक आलं की दुकानाचे मालक छाती फुगवून सांगायचे, "कापड फाटेल एकवेळ, पण मावशींचा टाका उसवायचा नाही." तेव्हापासून त्या टाकेमावशीच झाल्या. कुणी चुकून शिंपीणबाई म्हटलं तर त्या लगेच सुधारायच्या. "शिंपी माणसांचे कपडे शिवतो. माणूस पोट आत घेतो, खांदा उचलतो, जमवून घेतो. सीट जमवून घेत नाही बाबा. तिथे चुकलं की चुकलंच."

घरी माणसं दोनच, त्या आणि त्यांचा नवरा. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना सगळा जिना ड्रायव्हरकाका म्हणायचा. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात. आणि तिसरा जीव म्हणजे बॉबिन. हा कुत्रा पिल्लू असताना दुकानाच्या मागच्या दारात रेक्झिनच्या गुंडाळीत शिरून बसला होता. पहिल्याच दिवशी त्याने मशीनच्या दोरा गुंडाळायच्या तीन बॉबिन चावून सपाट केल्या आणि स्वतःचं नाव स्वतःच मिळवलं. नऊ वर्षांत तो चांगलाच गरगरीत झाला होता, कारण मावशींच्या नकळत ड्रायव्हरकाका आणि ड्रायव्हरकाकांच्या नकळत मावशी, असं त्याला दोन्हीकडून मिळायचं.

एके दिवशी सकाळी बॉबिन जिन्यावरून मांजरामागे धावला, शेवटच्या दोन पायऱ्यांवर त्याचा पाय मुरगळला आणि तो कळवळून ओरडला. मावशी खाली पोहोचल्या तेव्हा तो तीन पायांवर उभा होता. मागचा उजवा पाय त्याने पोटाशी धरला होता, जणू तो त्याचा नव्हताच.

ड्रायव्हरकाकांनी लगेच स्वतःच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. "अर्धी देऊया. मला गुण येतो, त्याला का नाही येणार?"

"तुम्हाला गाडीची दिशा कळते, औषधाची नाही," मावशी म्हणाल्या आणि त्याला टॉवेलात गुंडाळून प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं ऐकून कपाळाला हात लावला. "माणसांच्या गोळीने त्याचा जीव गेला असता, मावशी. बरं केलंत." मग त्यांनी पाय हळूच पुढेमागे करून पाहिला, एक्स-रे काढला आणि समजावून सांगितलं. गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारा एक दोर असतो, तो तुटलाय. ऑपरेशन करून गुडघा पक्का करता येतो. त्यांनी खर्चाचा कागद पुढे ठेवला.

मावशींनी आकडा वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला. चष्म्याचा काही दोष नव्हता. तो आकडा त्यांच्या चार महिन्यांच्या कमाईपेक्षा मोठा होता.

घरी फोनवर मुलगी रडवेली झाली. ती म्हणाली, मी पाठवते. मावशी म्हणाल्या, तुझं घर आधी. शेजारच्या बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "नऊ वर्षांचा झाला की हो. एवढ्या पैशात असे दहा कुत्रे येतील."

"दहा येतील," मावशी म्हणाल्या, "पण त्यात हा नसेल."

त्या रात्रभर कुढत बसल्या असं काही झालं नाही. त्या चांगल्या झोपल्या. तीस वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. गाडं अडलं की रडत बसायचं नाही, उलगडून बघायचं. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसल्या.

"डॉक्टर, एक सरळ विचारते. राग मानू नका. माझ्याकडे फाटलेली सीट आली तर मी गिऱ्हाइकाला तीन गोष्टी सांगते. नवं कव्हर केलं तर एवढे, अर्धं बदललं तर एवढे, नुसतं रफू केलं तर एवढे, आणि त्यातलं काय किती टिकेल. तुम्ही मला फक्त नवं कव्हर सांगितलंत."

डॉक्टरीणबाई मोकळेपणाने हसल्या. "असं कुणी विचारतच नाही, मावशी. आकडा बघून लोक एक तर कर्ज काढतात, नाहीतर पुन्हा येतच नाहीत." आणि त्यांनी रफूचा मार्गही सांगितला. मोठ्या कुत्र्यांना सहसा ऑपरेशनच लागतं. पण बॉबिन लहान चणीचा. त्याला तीन महिने सक्तीची विश्रांती, उड्या बंद, जिना बंद, दुखण्याचं औषध, आणि चौदा किलोवरून अकरावर आणायचं. गुडघ्याला आधाराचा पट्टा बांधला तर मदत होऊ शकते. "पण खोटं सांगणार नाही. पट्ट्याने तुटलेला दोर जुळत नाही. नुसता आधार मिळतो. दोन महिन्यांत फरक दिसला नाही तर पुन्हा ऑपरेशनचा विचार करावा लागेल. आणि परदेशी पट्टाही काही स्वस्त नाही."

दुसऱ्या एका कुत्र्याचा तसला पट्टा कपाटात पडून होता. डॉक्टरीणबाईंनी तो दाखवला. मावशींनी तो हातात घेतला, उलटा केला, आतून अंगठा फिरवला आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"हा कुणी शिवला? शिवण आतून घेतलीय. कातडी सोलणार नाही तर काय होईल?"

"सोललीच होती. म्हणूनच परत आलाय."

"मी शिवून बघू?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बघा. पण घालण्याआधी मला दाखवायचा. आणि दर आठवड्याला पाय तपासायला आणायचा."

मालकांनी दुकानातल्या कातरणांची पेटी मावशींच्या हवाली केली. त्यात उंची गाड्यांच्या सीटचं हवा खेळणारं जाळीदार कापड होतं, फोम होता, सीटबेल्टची पट्टी होती. मावशींनी जुन्या वर्तमानपत्रावर बॉबिनच्या पायाचं माप काढलं. पहिला पट्टा दिसायला देखणा झाला, पण बॉबिन चार पावलं चालला आणि पट्टा घसरून मोज्यासारखा घोट्यापाशी जमा झाला. ड्रायव्हरकाका हसायला लागले, तेव्हा मावशींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते वर्तमानपत्र वाचायला लागले. माप कापून घेतलेलं वर्तमानपत्र.

डॉक्टरीणबाईंना न दाखवताच घाईने चढवलेला दुसरा पट्टा घसरला नाही, पण घट्ट बसला. संध्याकाळी काढला तर आतल्या बाजूला लालभडक वळ. मावशींनी बॉबिनचा पाय मांडीवर घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या हौसेपायी तुला छळते की काय रे," त्या पुटपुटल्या. चार दिवस त्यांनी पट्ट्याचं नाव काढलं नाही. वळ जाईपर्यंत पाय उघडा ठेवला. त्याला नुसता कोपऱ्यात, कपड्यांच्या पेट्यांनी केलेल्या कुंपणात बसवून ठेवलं.

पाचव्या दिवशी दुकानात एका जुन्या गाडीची मागची सीट आली. तिचं कव्हर सारखं खाली सरकायचं. मावशींनी नेहमीप्रमाणे पाठीमागून आडवा पट्टा घेऊन ते वर बांधून टाकलं, आणि बांधता बांधता त्यांचा हात थांबला. कुत्र्याची मांडी वर जाड आणि खाली बारीक. कव्हर खाली सरकणारच. मग खालून आवळायचं कशाला? वरून, पाठीवरून धरायचं!

तिसऱ्या पट्ट्याला त्यांनी पाठीवरून जाणारा रुंद बंद लावला. सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या. दोन्ही बाजूंना ताकद यावी म्हणून सुटकेसच्या तळाच्या लवचीक पट्ट्या घातल्या आणि गुडघा वाकतो तिथे जागा मोकळी सोडली. डॉक्टरीणबाईंनी तो उलटसुलट पाहिला, आत बोट फिरवलं. मग त्या बॉबिनला दोरीने धरून दवाखान्याच्या लांब बोळातून चालवत नेऊ लागल्या. पहिल्या फेरीत पाय हवेतच. दुसऱ्या फेरीत त्याने पंजा टेकवून उचलला. तिसऱ्या फेरीत टेकवला आणि ठेवला.

"मावशी," डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या.

"दिसतंय मला," मावशी म्हणाल्या.

पुढचे तीन महिने घरात लष्करी शिस्त होती. बॉबिनचं खाणं वाटीने मोजून. ड्रायव्हरकाकांच्या खिशांची झडती. "बस चालवताना सुद्धा मला कुणी एवढं तपासलं नाही," ते कुरकुरायचे. "आणि माझ्या गुडघ्याला कधी असा पट्टा शिवला नाहीस!"

"तुम्ही सांगितलेलं ऐकता का? तो ऐकतो."

बॉबिन अकरा किलोवर आला, कमरेला आकार आला आणि चौथ्या महिन्यात तो चारही पायांवर रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन येऊ लागला. थंडीत थोडा लंगडायचा, तेवढंच.

तिथून मावशींचं काम वाढलं. डॉक्टरीणबाईंनी आधी एका म्हाताऱ्या कुत्रीसाठी पाठीचा आधार मागितला, मग एका मांजरासाठी टाके चाटू नयेत म्हणून अंगभर सदरा. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून भिंतीवर आपटत फिरण्यापेक्षा मांजराला तो सदरा मानवला. मावशींनी भाव ठरवला तो दुकानासारखाच, साहित्य आणि मजुरी. ज्याला जड जाईल त्याच्याकडून साहित्याचेच पैसे. फुकट मात्र नाही. "फुकट दिलं की माणूस मान खाली घालून नेतो," त्या म्हणायच्या. "माझ्या दारातून कुणी मान खाली घालून गेलेलं मला चालायचं नाही."

एकदा एक ट्रकवाला आपली दांडगी, काळी कुत्री घेऊन थेट त्यांच्या घरी आला. तिचाही गुडघाच गेला होता. "मावशी, ऑपरेशन मला झेपायचं नाही. तुमचा पट्टा द्या. मागाल ते देतो."

मावशींनी कुत्रीला चालताना पाहिलं. बॉबिनच्या तिप्पट वजन. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, बोलल्या, ठेवला. "हिला पट्ट्याने भागणार नाही. मी शिवला तर तुमचे पैसे जातील आणि हिचा पाय पण जाईल. नाही शिवणार."

ट्रकवाला भडकला. "गरिबाला सगळे नाहीच म्हणतात! मला वाटलं तुम्ही तरी..."

"बसा आधी," मावशी म्हणाल्या. ड्रायव्हरकाकांनी न सांगता चहा टाकला. "मी पट्ट्याला नाही म्हटलंय, तुम्हाला नाही. डॉक्टरांना काय काय विचारलंत?"

"काय विचारणार? आकडा ऐकला आणि उठलो."

"तिथेच चुकलं. विचारायचं, आज काय केलंच पाहिजे आणि काय थांबू शकतं? याच्याहून साधं ऑपरेशन आहे का? टप्प्याटप्प्याने पैसे घ्याल का? जिथे प्राण्यांचे डॉक्टर शिकतात, त्या कॉलेजच्या दवाखान्यात होईल का? विचारायला लाजायचं नाही. आपण भीक मागत नाही, भाव विचारतोय."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः त्याच्या ट्रकमध्ये बसून कॉलेजच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होतीच. तिथे मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना शिकवत शिकवत ऑपरेशन करायचे, त्यामुळे खर्च निम्म्याच्याही खाली आला, आणि तोही तीन हप्त्यांत. कुत्री बरी झाली. ऑपरेशननंतर तिला उचलून चालवायला लागणारी झोळी मावशींनी शिवली आणि ट्रकवाल्याने साहित्याचे पैसे ताठ मानेने मोजले.

ती झोळी पाहून कॉलेजच्या मोठ्या डॉक्टरांनी निरोप धाडला. विद्यार्थ्यांना माप कसं घ्यावं, शिवण कुठे टोचते, हे तुम्ही येऊन दाखवाल का? मावशींनी आधी नकोच म्हटलं. सातवीनंतर त्या कुठल्याही वर्गात बसल्या नव्हत्या, आणि आता तर उभं राहायचं होतं. मग त्यांनी इस्त्रीची साडी नेसली, पिशवीत सात पट्टे भरले आणि गेल्या. ड्रायव्हरकाका शेवटच्या बाकावर बसले, बॉबिनला पायाशी घेऊन.

पहिली पाच मिनिटं मावशींचा आवाज फळ्यापर्यंतही पोहोचेना. मग त्यांनी बॉबिनला टेबलावर घेतलं, टेप हातात धरला, आणि आवाज आपोआप जागेवर आला. सगळ्यात आधी त्यांनी वळ पाडणारा दुसरा पट्टाच दाखवला. "ही माझी चूक. हात घालून बघा आत. तुम्हाला टोचतंय ना? त्याला बोलता येत नाही, म्हणून तुम्ही आधी टोचून घ्यायचं." चाळीस मुलांनी आळीपाळीने हात घातले. एका मुलीने माप घेताना टेप आवळला, तेव्हा मावशींनी तिच्या हातावर हलकी चापट मारली. "अगं, पार्सल बांधतेस का? त्याला श्वास घ्यायचाय." सगळा वर्ग हसला, ती मुलगीही हसली, आणि मग एका तासाचा वर्ग अडीच तास चालला. मोठे डॉक्टर कडेला उभे राहून वहीत लिहून घेत होते.

परतीच्या बसचा कंडक्टर ड्रायव्हरकाकांच्या जुन्या ओळखीचा निघाला. "काय ड्रायव्हरसाहेब, आज सहकुटुंब?"

"हिने आज डॉक्टरांना शिकवलं," ड्रायव्हरकाका म्हणाले. मागच्या दोन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"गप्प बसा हो," मावशी म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

"चाळीस डॉक्टर होते. चाळीस! सगळे वहीत लिहून घेत होते."

या वेळी मात्र मावशींनी त्यांना गप्प केलं नाही.