पट्ट्यावरचं नारळपाणी

"तू तिकडे फाटकापाशी उभा राहा. पूजा होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही."

दसऱ्याच्या सकाळी सगळ्या कामगारांसमोर मॅनेजर साहेब मला असं बोलले. वाशीमच्या त्या जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, हंगाम दसऱ्याला सुरू व्हायचा. त्याआधी महिनाभर मी इंजिन खोललं, पुसलं, जोडलं. मशीनच्या रुळांवरचं चामडं बदललं. तेव्हा विटाळ नव्हता. कुंकू लागायच्या दिवशी झाला.

मी गेलो. खोटं कशाला लिहू, मान खाली घालून गेलो. मी भित्रा माणूस. गाव कामरगाव, पायी दोन दिवसांच्या वाटेवर. चौथी नापास, आणि ती चौथीही वर्गाबाहेर बसून. गणित कधी डोक्यात शिरलं नाही. रहीमचाचा नावाच्या म्हाताऱ्या फिटरनं मला कामावर घेतलं. माझा तळवा चालत्या मशीनवर ठेवला आणि विचारलं, "बता, क्या बोलती है?"

"इथं तापून राह्यली, चाचा."

चाचानं दुसरं काही विचारलं नाही. पुढे त्याची नजर गेली, तो गावी परतला. मी मात्र उपकाराखाली वाकूनच राहिलो. चाचाच्या, मालकाच्या, आणि दोन महिन्यांपूर्वी आलेल्या या मॅनेजरच्याही. मालकाचा भाचा, बी.ए. झालेला. पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "विचार करायला मी आहे. तू फक्त हात." मी त्यालाही "उपकार झाले साहेब" म्हणालो. आज आठवलं की अंगाची आग होते.

साहेबांनी नारळ फोडला. इंजिनाचा जोर मशीनपर्यंत नेणारा लांब चामडी पट्टा होता, त्यावर सगळं पाणी ओतलं. वर हळदकुंकू, तेलाची बोटं. फाटकातून मला दिसत होतं. ओल्या चामड्याची पकड जाते, हे मला ठाऊक होतं. ओरडावं वाटलं. फाटकापाशीच उभा राहिलो.

इंजिन सुरू झालं. आवाज हलका, रिकाम्या बैलबंडीसारखा. ओला पट्टा नुसता घसरत होता. मशीन जागची हलेना. बाहेर कापसाच्या बंड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या. साहेबांनी टेप काढला. चाक मोजलं, वहीत लिहिलं. पुन्हा मोजलं.

"हिशेबानं तर फिरायला पाहिजे."

कापूस निवडणारी गंगाबाई म्हणाली, "साहेब, तुमचा हिशेब फिरून राह्यला, मंग मशीन काहून फिरत नाही?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. साहेब तणतणत माझ्याकडे आले. हळूच बोलले, "बघ काय झालंय ते. पण मागच्या दारानं ये. लोक बघताहेत."

सवयीनं पाय उचललाही होता. मग खाली ठेवला.

"पुढच्या दारानं येतो. सगळ्यायच्या समोर."

"नखरे नकोत. चौथी नापासाला दुसरं कोण ठेवेल?"

नेमकं तिथंच बोट ठेवलं त्यानं, जिथं मी रोज भीत होतो. तरी बोललो, "त्या चौथी नापासालेच बोलवाले आले ना तुमी, साहेब?"

त्यानं फाटकाबाहेर बोट दाखवलं. मी निघालो. पट्टा कोरड्या चिंधीनं पुसायचा, पकड यावी म्हणून वर राळ घासायची, एवढंच काम होतं. मी सांगितलं नाही. दुपारपर्यंत बंड्या परत फिरताना पाहिल्या. वाईट वाटलं नाही.

नंतर तीन जिनिंगच्या दारांत उभा राहिलो. प्रत्येक कारकुनानं आधी विचारलं, "कितवी?" दोन ठिकाणांहून मुकाट परतलो. तिसऱ्याला म्हणालो, "मशीन चालू करा. काय बिघडलं ते हात लावून सांगतो. नाही सांगता आलं तं हाकला."

त्यानं मशीन चालू न करताच हाकललं.

भीती गेली नाही. उपाशी माणसाची भीती जात नाही. पण माझ्याच कामाबद्दल दुसऱ्याचे उपकार मानणं संपलं. काम मागायला मी जातो, उद्याही जाईन. कुणी कितवी विचारलं, की मी विचारतो, मशीन कुठं आहे?