दोन्ही खांद्यांचं माप

माझी मावशी कोट बेतते आणि मी शिवते. दुकानाची ही वाटणी अकरा वर्षांची. कात्री मलाही धरता येते, पण ती कुठल्या आकड्यावर चालवायची ते मावशीच्या डोक्यात, आणि तिथे डोकावायची सोय नाही. विचारलं की म्हणायची, "दिसतं ते."

आता तेच दिसेनासं होत चाललं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नजर हळूहळू जाणार, फार तर वर्ष हाताशी आहे.

इतर गिऱ्हाइकांचं मी कसंबसं निभावलं असतं. काळजी आईची होती. आईची पाठ लहानपणापासून वाकडी, एक खांदा चांगलाच उतरलेला. तयार कोट घातला की रस्त्यात लोक वळून बघतात. मावशीने, तिच्या धाकट्या बहिणीने, बेतलेला घातला की कुणाच्या लक्षातही येत नाही. दुकानातल्या मापांच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान आहे, आईचं मात्र नाही. मावशीने ते कधी लिहिलंच नाही. का, ते विचारायची माझी छाती झाली नव्हती.

मग एके दिवशी तिने कपाटातून हातात मावणारा एक जुना कॉम्प्युटर काढला. आमच्याकडे कोट शिवून घेणाऱ्या गणिताच्या बाईंनी तो दिला होता, एका पुस्तिकेसकट. त्यात प्रोग्रॅमिंगची छोटी भाषा बसवली, की माप विचारून कापायचे आकडे सांगणारा प्रोग्रॅम लिहिता येतो, असं बाईंचं म्हणणं. मी म्हटलं, हे काय नवीन खूळ. मावशीने भिंग लावलं आणि पान उलटलं.

दुकानातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर फाइल उतरवून तिने ती नखाएवढ्या कार्डावर घेतली, कार्ड खोबणीत सरकवलं. भाषा कुठे ठेवली आहे तो पत्ता यंत्राला सांगितला, तिला मेमरी किती द्यायची ते भरलं आणि सुरू केलं. पडदा पांढराफटक. काढलं, पुन्हा बसवलं, तरी तेच. चार दुपारी अशा गेल्या. शेवटी मी वैतागून म्हटलं, आकडे तोंडी सांग, मी लिहून घेते, हे डबडं फेकून दे. तिने कार्ड पुसून पुन्हा खोबणीत घातलं. आईचे आकडे तिला तोंडाने सांगायचेच नव्हते, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

पाचव्या दुपारी पुस्तिका मीच वाचायला घेतली.

"इथे मेमरी आठ लिहिलीय. तू दहा का दिलीस?"

"दोन मार्जिन सोडलं," मावशी म्हणाली.

शिवणीसाठी कापड जास्त धरायचं, ही चाळीस वर्षांची सवय. पण यंत्राकडे एकूण होतेच दहा. सगळे भाषेला दिल्यावर त्याला स्वतःला हलायलाही जागा उरली नव्हती. हसून हसून माझी पुरेवाट झाली, तीही हसली. आठ भरल्यावर पडद्यावर छोटासा बाण आला. दोन अधिक दोन विचारले, चार आले. मावशीने चष्मा काढून बराच वेळ पुसला.

प्रोग्रॅम लिहायला दोन महिने लागले. तो होईपर्यंत तिला पडदा दिसेनासा झाला, म्हणून प्रश्न मी वाचले. छाती, पाठ, बाही, डावा खांदा, उजवा खांदा. मी सुचवलं, बाकीच्यांना खांदा एकदाच विचारू, आईपुरते दोन ठेवू.

"नाही," मावशी म्हणाली. "सगळ्यांना दोन्ही विचारायचे. वहीत सगळे हात घालतात. तिचं एकटीचं पान वेगळं दिसलं असतं."

आई समोरच बसली होती. तिने टेप उचलला आणि आधी माझे खांदे मोजले. माझा डावा पाव इंच खाली निघाला. मला बापजन्मी ठाऊक नव्हतं. मग आई माझ्यापुढे पाठमोरी उभी राहिली.

"आता माझे घे. आकडा मोठ्याने सांग."

मी सांगितला. मावशीने मान खाली घातली.

यंत्राने दिलेल्या आकड्यांवर मी तो कोट कापला, शिवला आणि आईला घातला. मावशी जवळ आली आणि आईच्या दोन्ही खांद्यांवरून सावकाश बोटं फिरवू लागली, दोनदा, तीनदा.

"ताई, कुठला गं खाली आहे?"

आई आरशात बघत म्हणाली, "मलाही दिसत नाहीये."