पट्टीवरचे सात आकडे

दीड वर्षापूर्वी मी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स घातलं आणि स्क्रीनवरच्या खिडक्या मांडून देणारा एक साधा विंडो मॅनेजर बसवला. त्याच्या वरच्या कडेला एक बारीक पट्टी असते. तिच्यात तारीख आणि वेळ दिसली की शहाण्या माणसाचं भागतं. मी मात्र तिच्यात प्रोसेसरवरचा ताण, तापमान, रॅम, बॅटरी, पंख्याचे फेरे, नेटचा वेग आणि फोटोंच्या फोल्डरने व्यापलेली जागा असे सात आकडे आणले. प्रत्येकाला वेगळी स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला छोटा प्रोग्राम. बॅटरीची टक्केवारी दशांश चिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत. सगळे आकडे दर सेकंदाला ताजे, कारण शिळा आकडा मला चालत नाही. फोटोंत महिन्याला फार तर दहाची भर पडायची, तरी ते फोल्डर सेकंदासेकंदाला मोजलं जात होतं.

लॅपटॉप तापायला लागला. किती, ते पट्टी बिनचूक सांगायची आणि मी बायकोला.

"अठ्ठ्याऐंशी झालंय. टॅब किती उघडलेत?"

"चार."

"दोन बंद कर."

ती करायची. तापमान उतरायचं नाही. मग मी बाकीच्या दोन टॅबकडे संशयाने बघायचो.

मार्चमध्ये तिला एका विमा कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं, दावे तपासायच्या कामासाठी. अकरा वर्षांनी ती पुन्हा नोकरीसाठी प्रयत्न करत होती, आणि या वयात दुसरं बोलावणं कधी येईल याचा भरवसा आम्हा दोघांनाही नव्हता. मुलाखत लॅपटॉपवर होती. समोरची बिल्डिंग पुनर्विकासासाठी पाडत होते, म्हणून खिडक्या लावून घेतल्या. मी कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर, पट्टी दिसेल अशा बेताने उभा राहिलो.

पाचव्या मिनिटाला पंखा गिरणीसारखा घरघरू लागला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे काही काम चालू आहे का?"

"समोर बिल्डिंग पाडतायत," ही शांतपणे म्हणाली. समोर त्या दिवशी एक हातोडाही पडत नव्हता.

मग चित्र अडकलं. तिचं एक अख्खं उत्तर वाटेत हरवलं, ते तिला पुन्हा द्यावं लागलं. पट्टीवर ताण शहाण्णव टक्के. मी सवयीने हातवारे केले, टॅब बंद कर. तिने माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं. खरोखर एकच टॅब उघडा होता. तेव्हा मला वजाबाकी सुचली: टॅब वजा केले की उरत होती ती माझी पट्टी.

तिने "एक मिनिट हं" म्हणून माइक बंद केला. "ते तुझं वरचं काय आहे ते आधी बंद कर."

मी कमांड देऊन पट्टी घालवली. अर्ध्या मिनिटात पंखा मंदावला, चित्र सरळ चालू लागलं.

"थांबलं वाटतं काम," बाई म्हणाल्या.

"हो, जेवायला गेले असतील," ही म्हणाली. सकाळचे साडेअकरा वाजले होते.

संध्याकाळी मी नीट मोजलं. ताणाचे एकाहत्तर टक्के माझ्या स्क्रिप्टांचे होते. आकडा लपवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून तिला सांगितला.

"म्हणजे दीड वर्ष मी उगाच टॅब बंद करत होते?"

"हो."

"आणि लॅपटॉप गार राहावा म्हणून ते पंख्याचं स्टँड आणलंस ते?"

"तेही."

दुसरी फेरी पुढच्या आठवड्यात ठरली. या वेळी तिची अट एकच होती, अकरा ते बारा मी घरात नको. मी खाली बिल्डिंगच्या आवारात बाकावर बसलो. वर काय चाललंय, नेट धड आहे का, तिला उत्तरं सुचतायत का, कशाचाच पत्ता नव्हता. वॉचमनने दोनदा विचारलं, किल्ली विसरलात का. मी दोन्ही वेळा हो म्हणालो.

बाराला पाच कमी असताना तिने खिडकीतून हाक मारली. "ये वर. एक तारखेपासून या म्हणालेत."