पणजीचा म्हणून सांगितलेला पट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दारू चढल्यावरसुद्धा तोंडातून निघालं नाही, एवढा मी सावध. तुला का सांगतोय? कारण तू कधीतरी माझ्या होमस्टेवर येशील, आणि मी तुझ्याशीही खोटंच बोलेन.

अलिबागजवळ आहे माझा होमस्टे. मुंबईची मंडळी रो-रो बोटीनं गाडीसकट येतात, अर्ध्या दिवसात समुद्राला कंटाळतात आणि विचारतात, काका, खेळायला काही आहे का? कॅरम नको, ल्युडो नको, काहीतरी वेगळं. मग मी रंगात येतो. वाघ-बकरी खेळून बघा, म्हणतो. बकऱ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं, मेंदूला घाम फुटतो. नवकंकरी घ्या, फरशीवर खडूनं आखली की झालं. आणि मग सावकाश भिंतीकडं बोट करतो. तिथं काचेच्या फ्रेममध्ये कापडाचा पट आहे, पचीसीचा. चार बाजूंना चार पट्ट्या, मधलं घर लाल. आमच्या पणजीनं शिवलाय, मी सांगतो. ते लाल कापड तिच्या शालूचं. बायका ‘अय्या’ म्हणतात, फोटो काढतात.

शी! लिहितानासुद्धा तोंड कडू होतं. कसली पणजी? तिला पचीसी येत होती की नाही, देव जाणे.

पट रुकैयाखालाचा. आगरदांड्याला आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. नवरा कुवेतला, पोरगी शबाना माझ्या वर्गात. शाळा सुटली की दप्तर आमच्या ओटीवर आणि मी त्यांच्या घरात. पट खालानं स्वतः शिवलेला, मधला लाल तुकडा तिच्या निकाहाच्या ओढणीचा. पचीसीत समोरासमोरचे दोघं जोडीदार. शबाना माझ्या आईला घ्यायची आणि खाला कायम मला. मी कच्चा. माझ्या सोंगट्या मारल्या जायच्या, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खालाची शेवटची सोंगटी घराच्या तोंडाशी आलेली असायची, तरी ती आत न्यायची नाही. हवं ते दान पडलं तरी सोडून द्यायची. “सुध्या, जोडीदार मागं असला का आपण घरात जायचं न्हाय,” म्हणायची. माझ्यासाठी असं कोण थांबलंय, सांग ना? सख्खा भाऊ नाही थांबला.

होमस्टे काढला तेव्हा तो पट मी मागून आणला, एका सीझनपुरता. तिनं घडी घालून हातात दिला, वर डबाभर सांदणं. पोरांना खेळायला लाव, एवढंच म्हणाली. आणि मी शहाण्यानं काय केलं? प्लायवर गोंदानं चिकटवून काचेमागं कोंडला. कुणीतरी विचारलं, कुणाचा? तर पणजी तोंडातून निघून गेली. खालाचं नाव का नाही निघालं? खरं सांगू? मला वाटलं, तिचं नाव ऐकून पाहुण्यांची तोंडं बदलतील. तसं कुणी बोललं नव्हतं. कुणीच नाही. माझंच मन किडकं.

पण एवढ्यावर थांबलो असतो तरी—

मागच्या वर्षी शबानाचा फोन आला. खालाला विसरायला होत होतं, आता सगळंच गेलं होतं. “अम्मी कुणाला वळखत न्हाय रे. दिवसभर हात हलवते, कवड्या टाकल्यासारखा. पट समोर ठेवला तर काय तरी आठवेल. तुझ्याकडं हाय ना?”

मी पटासमोरच उभा होतो. हॉलमध्ये पाहुणे. दिला असता तर काय झालं असतं? शबानाला तो चिकटवलेला दिसला असता. पाहुण्यांपुढं माझी पणजी खोटी पडली असती. बस, एवढंच! आणि मी म्हणालो—वादळात गेला गं. पत्रे उडाले, पाणी आत शिरलं, त्यात गेला.

ती म्हणाली, जाऊ दे रे, तुझंच केवढं नुकसान झालं असेल. माझी समजूत घातली तिनं! आणि मी ‘हूं’ म्हणालो. जनाची नाही तर मनाची तरी? एका खिळ्यावरून फ्रेम उतरवायला असा किती वेळ लागतो?

खाला गेली. मयतीला मी गेलो. तिथं शबानानं सांगितलं, तिनं जुन्या चादरीवर पेनानं पट आखून आईपुढं ठेवला होता. खालानं मधल्या घरावरून बोटं फिरवली. ओढणीचं कापड शोधत होती, दुसरं काय? मग चादर ढकलून दिली. पुन्हा ठेवली, पुन्हा ढकलली. “ह्यो न्हाय,” म्हणायची. तेवढंच बोलायची शेवटी.

तरी मी बोललो नाही. मान खाली घालून बसलो, आणि लोक म्हणाले, सुध्याला फार लागलंय. थू!

निघताना शबानानं हातात एक कापडी पिशवी ठेवली. खालाच्या कवड्या. पट तर गेला, म्हणाली, ह्या तरी तू ठेव, तिचा जोडीदार तूच.

घेतल्या मी. फ्रेमखाली काचेच्या वाडग्यात ठेवल्यात. पाहुणे मुठीत घेऊन खुळखुळवतात, विचारतात कुणाच्या.

पणजीच्या, म्हणतो.